मागच्या दाराची खडखड

गाडी दोन हजार चारची. ओम्नी.
आधी तिनं दूध वाहिलं, मग केटरिंगवाल्याची पातेली;
माझ्याकडे आली तेव्हा टपाला आतून वरणाचा वास होता.
आता अकरा मुलं, अकरा दप्तरं आणि एक खडखड.

एक कसली,
डॅशबोर्ड तिसऱ्या गिअरला बोलायला लागतो,
एसीची जाळी (एसी कधीच नव्हता, नुसती जाळी)
गतिरोधक आला की दात वाजवते,
आणि सरकत्या दाराचं आतलं पॅनल,
त्याचं तर विचारूच नका.
रिकाम्या डब्यात चमचा टाकून कुणी हलवत बसावं,
एरंडोल नाक्यापासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत.

उन्हानं केलं हे.
धरणगावचं ऊन पत्र्याला नुसतं तापवतं,
प्लास्टिकला खातं.
आधी पांढुरकं करतं, मग पापडासारखं;
बोट लावलं की क्लिपची मान मोडून हातात.
गॅरेजवाला भटू म्हणाला, ताई, वीस वर्षांची गाडी,
रेडिओ लावा मोठ्यानं.
रेडिओ नाही म्हटलं.
मग पाढे म्हणून घ्या.

दाराशी बसायचा दुर्गेश. पाचवीतला.
त्यानं कुणी न सांगता
गुडघा दाबून धरला पॅनलवर.
सकाळी पुढं तोंड, म्हणून डावा.
येताना उलट्या बाकावर, म्हणून उजवा.
जूनपासून मार्चपर्यंत.
मी आरशात पाहायचे, बोलले नाही कधी.
त्याच्या आईनं एकदा पँट दाखवली,
दोन्ही गुडघ्यांवर विरलेली:
तुमच्या गाडीत हा रांगत जातो का शाळेत?

त्या रविवारी गाडी नसरुचाचांकडे नेली.
गाद्या भरणं सुटलं, आता सीटकव्हर शिवतात.
कान जिनिंगमध्ये गेले, तीस वर्षांत, थोडे थोडे.
मी ओरडून सांगितलं, आवाज येतो!
ते म्हणाले, "तू चालाड.
माले आयकाले येत नही, हाताले समजस."

मागे फरशीवर मांडी घालून बसले,
तळवा पॅनलवर, डोळे मिटलेले,
आणि खडूनं फुल्या करत गेले.
चोपडा रस्त्यावर जाऊन आलो तोवर
सात फुल्या.
मला ऐकू आल्या होत्या दोन.

पॅनल उतरवलं. आत चिंचोके, एक शार्पनर,
कुणाच्या तरी लग्नातल्या पिवळ्या अक्षता.
तुटक्या कानांवर खायचा सोडा भुरभुरला,
वर फेवीक्विकचा थेंब. जरासा धूर, आणि दगड.
लांब चिरेवर स्टेपलरच्या पिना
तापवून आत रुतवल्या, गोधडीच्या टाक्यासारख्या तिरक्या.
क्लिपांना सायकलच्या ट्यूबचे वायसर.
पोकळी राहिली तिथं मी म्हटलं, चाचा, कापूस भरा की.
हसले.
"कापूस पानी धरस. पत्रा सडी जाई."
घराण्यात सगळ्यांनी कापूस पिंजला,
आणि हा माणूस जुन्या चपलेचा फोम
कात्रीनं बारीक कापत बसला.

दीडशे रुपये घेतले. जाळीचं पुढच्या रविवारी, म्हणाले.

सोमवारी दार गप्प.
मुलं सवयीनं ओरडत होती,
मग एकेकानं आवाज उतरवला.
पहिल्यांदाच कळलं मला, ही कुजबुजतात.
शेवटच्या बाकावर धनश्री कुणाला तरी सांगत होती
की तिच्या मांजरीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

दुर्गेशचा गुडघा तिथंच.
म्हटलं, अरे, सोड आता, नीट झालं ते.
त्यानं काढला.
रेल्वे फाटकाच्या खड्ड्यावर परत लागला, आपोआप,
मग त्यानंच हातानं बाजूला घेतला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मंगळवारी उतरताना दाराशी घुटमळला.
पुढच्या जाळीकडे पाहत म्हणाला,
मावशी, उद्यापासून मी पुढे बसू?